रानोजी कोण वाचणार?

१ ऑगस्टला सकाळी आमच्या वाचनालयात टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी मांडले जातात. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णा भाऊ, जन्मले. त्यामुळे एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती, हार दोन, नारळ एक आणि कार्यक्रम बारा मिनिटांचा. मग ग्रंथपाल रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी करतात, कारण अनुदानाच्या तपासणीला ते रजिस्टर पुढे ठेवावं लागतं. कार्यकारिणीवर येऊन मला सहा वर्षं झाली. पाच वर्षं मीही हार घातला, पेढा खाल्ला आणि कामाला गेलो.

सहाव्या वर्षी, जयंतीला महिना असताना, अभ्यासिकेतली एक मुलगी ग्रंथपालांच्या टेबलापाशी आली. बी.एस्सी. झालेली, स्पर्धा परीक्षा देणारी, रोज सकाळी सातला येऊन खिडकीजवळची जागा धरणारी. ती म्हणाली, ‘सर, यंदा अण्णा भाऊंचं एखादं पान तरी वाचूया का? नुसता हारच घालतो आपण.’

मी तिथेच होतो. मला वाटलं, सोपं आहे. एक संध्याकाळ ठरवू, चार उतारे, चार गाणी, झालं. ते सोपं का नव्हतं आणि आम्ही कुठे कुठे चुकलो, ते इथे लिहून ठेवतो. आमच्यासारखी तालुक्याच्या गावातली वाचनालयं असे कार्यक्रम करतात आणि पुढच्या वर्षी त्याच चुका नव्याने करतात.

कपाटात काय होतं

आधी आम्ही कपाट उघडलं. अण्णा भाऊंनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. आमच्याकडे निघाल्या अकरा. ‘फकिरा’च्या तीन प्रती, त्यातली एक पाठपुठ्ठा गेलेली आणि सुतळीने बांधलेली. बाकीच्या एकेक. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी असते, ती पाहायची मला खोड आहे. ‘फकिरा’च्या चिठ्ठीवर शिक्क्यांची गर्दी. ‘वैजयंता’च्या चिठ्ठीवर तीन शिक्के, शेवटचा २००९ चा. ‘चित्रा’ची चिठ्ठी कोरी.

हे एकट्या आमच्या वाचनालयाचं दुखणं नाही, असं मला वाटतं. अण्णा भाऊंचं नाव घेतलं की आपल्या कानात गाणं वाजतं. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, ‘मुंबईची लावणी’, स्टालिनग्राडचा पोवाडा. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर १९४४ मध्ये काढलेलं लाल बावटा कलापथक, मग संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. त्या शाहिराने कादंबरीकाराला झाकून टाकलंय. १९५९ ची ‘फकिरा’ तेवढी वर राहिली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना होती, ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली होती आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं, म्हणून. बाकीच्या कादंबऱ्यांची नावं भाषणात ओळीने घेतली जातात, रेल्वेची स्थानकं घ्यावीत तशी.

म्हणून ठरवलं की संध्याकाळ कादंबरीकाराची करायची. गाणी असतील, पण ती वाचनाच्या मागे चालतील.

फ्लेक्सवर ‘कादंबरीकार अण्णा भाऊ साठे’ एवढंच छापायला सांगितलं. छापणाऱ्याकडे जयंतीचा तयार साचा होता. फ्लेक्स आला तो ‘साहित्यरत्न लोकशाहीर’सकट, डफ आणि वळलेल्या मुठीसकट. परत करायला वेळ नव्हता. टांगला.

पहिला आराखडा

पहिला आराखडा माझा होता, त्यामुळे तो कुणावर ढकलता येत नाही. वाचायला पुण्याहून अभिवाचनाची सवय असलेले एक कलाकार, मानधन आणि प्रवासखर्चासह. गायला कोल्हापूरचे दोघे, पेटी-तबल्यासह. आणि पाहुण्यांच्या स्वागताला फाटकाशी आपल्या गावातलं हलगी पथक. कागदावर फार छान दिसत होतं.

बैठकीला त्या मुलीलाही बोलावलं होतं. तिने कागद वाचला आणि शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे वाचणार पुण्याचे, गाणार कोल्हापूरचे आणि आमचे आजोबा दाराबाहेर.’

हलगी पथकातले म्हातारे आबा तिचे चुलत आजोबा, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. गावात एवढी वर्षं राहून माहीत नसावं, हेही त्या प्रकरणातच मोडतं.

आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘अगं, दारात हलगी म्हणजे मान असतो तो.’ ती म्हणाली, ‘काका, मान असता तर आत बोलावलं असतं.’ पुढे काही क्षण पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

हलगीचं इथे जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्या भागात हलगी, घुमकं आणि कैताळ हा जुना संच. जत्रा, वरात, कुस्तीचं मैदान, मिरवणूक, कशालाही तो लागतोच. पण हे वाजवणं पिढ्यान्पिढ्या मांग समाजावर गावकीचं काम म्हणून लादलेलं होतं. वाजवायचं, शिधा घ्यायचा आणि मांडवाबाहेर थांबायचं. त्यामुळे शिकलेल्या पोरांपैकी कित्येकांनी हलगी खुंटीला लावली, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. दुसरीकडे त्याच घरांत असे हात आहेत की त्यांची बोटं पाहत राहावीत. ज्या लेखकाने या समाजातला माणूस कादंबरीचा नायक म्हणून उभा केला, त्याच्याच कार्यक्रमात आम्ही त्या समाजाला पुन्हा फाटकाशी उभं करायला निघालो होतो. आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

तिची मागणी साधी होती. ‘रानोजीचा, म्हणजे फकिराच्या बापाचा, उतारा मी वाचते. आबा वाजवतील, पण स्टेजवर, खुर्चीत बसून, आणि पत्रिकेत नाव छापून. गाणी इतरांनी म्हणावीत.’

म्हणजे वाटणी उलटी झाली. वाचायचं काम गावातल्यांकडे आलं. तिच्याबरोबर जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई, वीज मंडळातून निवृत्त झालेले एक वायरमन, आणि मी. गायला हायस्कूलचे संगीत शिक्षक आणि भजनी मंडळातले दोघे. पुण्याच्या कलाकारांना फोन करून नकार कळवावा लागला. ते समजूतदार निघाले, एवढंच नोंदवतो.

काय वाचायचं

निवडीवर तीन बैठका गेल्या आणि त्या तिन्ही मला कार्यक्रमापेक्षा जास्त आवडल्या. वायरमन काकांचं म्हणणं, सगळी ‘फकिरा’च वाचा. बाईंना ‘वैजयंता’ हवी होती, कारण तमाशातल्या बाईकडे आतल्या बाजूने पाहणारी कादंबरी गावात कुणी वाचलेली नाही. मी ‘माझा रशियाचा प्रवास’ सुचवलं. ते कादंबरी नाही म्हणून पडलं आणि ते बरंच झालं.

शेवटी ठरलं ते असं. सुरुवातीला गण. मग ‘फकिरा’तलं रानोजीचं जोगणी आणायला जाणं (दुसऱ्या गावची जोगणी आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला मिळतो, म्हणून). मग ‘मुंबईची लावणी’. मग ‘स्मशानातील सोनं’. मग ‘वैजयंता’तलं एक छोटं प्रकरण. पुन्हा ‘फकिरा’, यावेळी दुष्काळात धान्य लुटून वाटण्याचा भाग. शेवटी ‘माझी मैना’.

कादंबरीकाराच्या संध्याकाळी कथा कशाला, असं विचारलं गेलं. कारण ‘स्मशानातील सोनं’ आपण शाळेत नुसतं नावाने ओळखतो. वारणेकाठचं गाव सोडून मुंबईला आलेला भीमा, खाणीतलं काम सुटल्यावर स्मशानातल्या राखेत सोनं शोधायला लागतो, मग पुरलेली मढी उकरायला लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, आणि मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. हे ऐकल्यावर सभागृहात कुणी खोकणार नाही, असा बाईंचा अंदाज होता. तो नव्वद टक्के बरोबर आला.

परवानगीचा प्रश्नही निघाला. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ती मोजणी पुढच्या वर्षापासून सुरू होते, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. पण छापलेल्या पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायदा आडवा येत नाही. म्हणून उतारेच घ्यायचे, सबंध कृती नाही, हे पक्कं केलं. कथेतलाही शेवटाकडचा भागच घेतला आणि आधीचं बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. तिकीट नव्हतंच.

दीपप्रज्वलनावरून मात्र थोडी तणातणी झाली. समई हवी की नको? तोड निघाली ती अण्णा भाऊंकडूनच. तमाशाच्या गणात गणपतीला वंदन असतं. त्यांनी आपल्या गणात पहिलं वंदन मायभूच्या चरणांना केलं, मग शिवछत्रपतींना. तोच गण म्हणून सुरुवात करायची, बाकी काही नाही. समईवाले काका आधी फुरंगटले, पण गणाची चाल त्यांना पाठ होती. सरावाला तेच सगळ्यात मोठ्याने म्हणत होते.

निवेदन माझ्याकडे होतं. मुलीने मला दोन अटी घातल्या. ‘दीड दिवसांची शाळा’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. आणि ‘महाराष्ट्राचे गॉर्की’ म्हणायचं नाही. ‘का?’ म्हणालो. ‘शाळेत गेले नाहीत हे सगळ्यांना पाठ आहे सर. लिहिलंय काय, ते सांगा.’ मी मान्य केलं. दोन्ही वाक्यं माझ्या टिपणात होती, हे तिला सांगितलं नाही.

तालीम

पुस्तक हातात धरून वाचायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. निवडक वाङ्मयाचा जाड खंड दोन मिनिटांत मनगट मोडतो आणि त्याची अक्षरं मुंगीएवढी. उतारे १८ पॉइंटात टाइप करून घेतले, कागदाच्या एकाच बाजूला, पान उलटण्याआधी वाक्य संपेल असे. असं एक पान वाचायला साधारण दोन मिनिटं लागतात. रानोजीचा उतारा अकरा पानांचा झाला, म्हणजे बावीस मिनिटं. तो सतरावर आणला. कापलेला प्रत्येक परिच्छेद मुलीने हरकत घेऊनच सोडला.

दुसरी अडचण आवाजाची. वायरमन काका बोलताना झकास बोलतात, पण कागद हातात आला की त्यांच्यात एक ‘गावरान पात्र’ शिरायचं. दर वाक्याला ‘आरं’, ‘व्हय’, मिशीला पीळ. ‘फकिरा’चं निवेदन प्रमाण मराठीतलं आहे. वाक्यं छोटी, सरळ. त्यावर ग्रामीण हेल चढवला की प्रसंग एकदम विनोदी नाटकासारखा होतो, हे आम्ही कानांनी ऐकलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘काका, मीटर रीडिंग वाचता तसं वाचा.’ काका रागावले, पण पुढच्या तालमीला अगदी तसंच वाचलं. धान्याची पोती फुटतात आणि माणसं ओटी पसरतात, तो भाग त्या कोरड्या आवाजात ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

तिसरी अडचण संगीताची, आणि खरी मेख तिथेच होती. अभिवाचनाखाली सिंथेसायझर सोडून द्यायची आपल्याकडे एक पद्धत पडली आहे. दुःख आलं की बासरी, घोडा आला की टापा. संगीत शिक्षकांनी तशीच तयारी केली होती. पहिल्या तालमीत रानोजी गबऱ्या घोड्यावर बसला आणि मागून किबोर्डमधून टापा सुरू झाल्या. आबा हलगी मांडीवर घेऊन ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांना विचारलं, तुम्ही इथे काय वाजवाल?

‘काय नाही.’

‘घोडा पळतोय की आबा.’

‘पुस्तकात पळतोय न्हवं? मग मी कशाला पळवू?’

किबोर्ड त्याच दिवशी पेटीत गेला. मग असं ठरलं की कुणी वाचत असताना वाजवायचंच नाही. वाचणारा थांबेल तिथे वाजेल. मुलगी म्हणाली, मी डाव्या हाताचं बोट उचलेन. आबा म्हणाले, ‘बोट नको. तीनदा ऐकतो, मग मला कळतंय.’ आबांना वाचता येत नाही. त्यांनी तो उतारा तीन नाही, पाच वेळा ऐकला, दर वेळी डोळे मिटून. पाचव्या वेळी टिपरू कुठे मारायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं. जत्रेच्या वर्णनानंतर संथ चाल, घोड्याच्या पूर्ण धावेत काहीच नाही, आणि रानोजी पडल्यावर एक ठोका, तोही बारीक काडीचा. तिथे मला मोठा आवाज अपेक्षित होता. त्यांनी मान हलवली.

‘स्मशानातील सोनं’ला कसलंही वाद्य नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ‘वैजयंता’ला ढोलकी हवी, यावरही एकमत होतं, आणि तिथेच आम्ही फसलो.

ती संध्याकाळ

शनिवार होता, १ ऑगस्टनंतरचा पहिला. वेळ साडेसहाची, आणि पाच वाजल्यापासून पाऊस धो धो. हॉलमध्ये १२० खुर्च्या. सव्वासहाला माणसं अठरा, त्यातली सात आमचीच.

पावसाने आणखी एक काम केलं. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, आवाज बद्द येतो. ती शेकावी लागते. एरवी पथकवाले चार कागद पेटवून कडेला बसतात आणि कातडं ताणलं जाईपर्यंत हलगी फिरवत राहतात. आता प्लास्टिकचा पडदा लावलेल्या हलग्याही मिळतात, त्यांना शेक लागत नाही, पण आबा तिला ‘बादली’ म्हणतात. हॉलमध्ये जाळ करायला आमचा पहारेकरी तयार होईना, आणि पुस्तकांच्या इमारतीत त्याचं बरोबरच होतं. शेवटी समोरच्या चहाच्या टपरीवर, स्टोव्हच्या बाजूला छत्री धरून, आबा आणि त्यांचा नातू हलगी शेकत उभे राहिले. आबा मधूनमधून नखाने टिचकी मारून बघत. ‘टण्ण’ वाजलं तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. तोवर हॉल निम्म्याहून जास्त भरला होता. टपरीवरची गिऱ्हाइकंही हलगीच्या मागे आत आली होती.

गण झाला. मग ती मुलगी उभी राहिली. नेसून आलेल्या साडीचा पदर तिला सवयीचा नव्हता, तो तिने कमरेला खोचला, आणि वाचायला लागली. पहिली दोन पानं फार घाईत गेली. तिसऱ्या पानावर तिला श्वास सापडला. शिगावच्या जत्रेतून रानोजी जोगणी उचलतो तिथवर आली आणि मागच्या दारातून गलका आला. गावातले एक पुढारी, बरोबर आठ-दहा माणसं. खुर्च्या सरकल्या, पुढच्या रांगेतले चौघे उठून उभे राहिले, आमचे खजिनदार शाल आणायला कपाटाकडे धावले. आपल्याकडे अशा वेळी कार्यक्रम थांबतो, सत्कार होतो, ‘दोन शब्द’ होतात आणि वीस मिनिटं जातात.

मुलगी थांबली. कुणाकडे पाहिलं नाही. सगळे बसेपर्यंत कागदावर नजर ठेवून उभी राहिली. मग तिने तो परिच्छेद पहिल्या वाक्यापासून पुन्हा वाचायला घेतला. खजिनदार शाल हातात घेऊन खांबाशी उभे होते, ते शेवटपर्यंत तसेच.

त्या सतरा मिनिटांत आबांनी तीनदाच वाजवलं. शेवटच्या त्या बारीक ठोक्यानंतर टाळ्या पडल्या नाहीत. मला वाटलं, पडलं सगळं. मग मागून एक म्हातारी मोठ्याने ‘आगं आई गं’ म्हणाली आणि लोक हलले.

पुढारी त्यानंतर दहा मिनिटं बसले आणि गेले. सत्कार राहिला. त्यांनी आधी कबूल केलेलं पुस्तकाचं कपाट अजून आलेलं नाही. कार्यकारिणीत मला ते अधूनमधून ऐकवलं जातं.

‘मुंबईची लावणी’ ठीक झाली. गिरगावच्या चाळीतलं बालपण सांगणारे एक निवृत्त शिक्षक मलबार हिलच्या उल्लेखाला मान डोलावत होते. बाकी लोकांना ती मुंबई फार लांबची.

‘स्मशानातील सोनं’च्या वेळी पाऊस पत्र्यावर वाजत होता. बाई खालच्या पट्टीत, जवळजवळ सांगितल्यासारखं वाचत होत्या. मघाशी नव्वद टक्के म्हणालो, कारण भीमाची बोटं अडकतात तिथे दुसऱ्या रांगेतल्या एकाचा मोबाइल वाजला, आणि रिंगटोन होती वरातीची. तो माणूस इतका गडबडला की त्याने मोबाइलवर बसकण मारली. बाई हसल्या नाहीत. मी हसलो, तोंडावर रुमाल धरून.

‘वैजयंता’ पडली. भजनी मंडळातल्या ज्यांना आम्ही ढोलकीवर बसवलं होतं त्यांचा हात पखवाजाचा. आयुष्यभर विठ्ठलापुढे वाजवलेले ते गृहस्थ लावणीच्या ठेक्यावर आले आणि असे खुलले की थांबेचनात. वाचनाच्या मध्ये मध्ये वीस सेकंद ठरलेली ढोलकी दोन-दोन मिनिटं चालली. शिट्ट्या पडल्या. तमाशातल्या बाईला लोक कसं पाहतात हेच तर कादंबरीत आहे, आणि आमच्या हॉलने वाचन बाजूला सारून नेमकं तेच केलं. तो उतारा मी वाचत होतो. तीन पानं राहिली होती, मी एकावर आटोपलं. ढोलकीवाल्यांना मी दोष देत नाही. रानोजीला लावलेला नियम आम्ही ‘वैजयंता’ला सैल केला, कारण ‘तिथे जरा रंगत हवी’ असं सगळ्यांना वाटलं, मलाही.

वायरमन काकांनी दुष्काळ वाचला, मीटर वाचल्यासारखा, आणि घसरलेला कार्यक्रम पुन्हा रुळावर आणला.

मग ‘माझी मैना’. हिची वाट सगळे पाहत होते. पण एक गोष्ट आम्ही ठरवून केली होती. ही छक्कड बहुतेक कार्यक्रमांत अर्धीच म्हटली जाते. मैनेचं रूप, तिचा विरह, जिवाची काहिली, टाळ्या. पुढे ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होते, महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होते, तो भाग गळतो. आम्ही पूर्ण म्हटली. सीमाभागातून लग्न होऊन इकडे आलेल्या दोन बायका पुढच्या रांगेत होत्या. शेवटच्या कडव्याला त्या टाळी धरायच्या थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

पावणेनऊला संपलं. हॉल बंद असला तरी दहाच्या आत आवाज थांबवायचा असं पोलीस ठाण्याला लिहून दिलं होतं. त्याची वेळच आली नाही.

जमाखर्च

खर्च ११,८५० रुपये. त्यातला सगळ्यात मोठा आकडा हलगी पथकाच्या मानधनाचा. बैठकीत तो वाढवायला सुचवला समईवाल्या काकांनी. त्याखालोखाल ध्वनिक्षेपक, मग चहा आणि उपमा, मग टायपिंग आणि झेरॉक्स, मग तो चुकीचा फ्लेक्स. गायकांनी आणि वाचणाऱ्यांनी काही घेतलं नाही.

देवघेव खिडकी त्या रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवली होती. सात पुस्तकं गेली. ‘फकिरा’च्या दोन धड प्रती गेल्या, सुतळीवाली कुणी नेली नाही. ‘वैजयंता’ गेली. नेली त्या ‘आगं आई गं’ म्हणणाऱ्या म्हातारीच्या सुनेने. कार्यक्रम जिथे पडला तिथलंच पुस्तक गेलं, याचा अर्थ मला लावता येत नाही. कदाचित मी अर्ध्यावर सोडलं म्हणून पुढचं वाचायला नेलं असेल. ‘चित्रा’ची चिठ्ठी अजून कोरी आहे, आणि त्यात नवल नाही. आम्ही तिच्यातलं एक वाक्यही वाचलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर गाणी तीनऐवजी दोन ठेवीन आणि ढोलकीला वाचनाच्या आसपास फिरकू देणार नाही. ‘वैजयंता’ बाईंकडे देईन. ती मी वाचायला घ्यायलाच नको होती. मागितली होती त्यांनी, आणि निवेदकाला एक तरी उतारा हवा म्हणून ती आली माझ्या वाट्याला.

सगळं आवरून आम्ही निघालो तेव्हा पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात उभा होता. आत स्टेजच्या पायरीवर आबा आणि ती मुलगी बसलेली. आबांच्या मांडीवर हलगी, मुलीच्या हातात ते अकरा कागद. भांडण चाललं होतं. आबांचं म्हणणं, जोगणीची ही गोष्ट त्यांच्या बापाने त्यांना वेगळी सांगितली होती. गाव दुसरं होतं, घोडा पण दुसऱ्या रंगाचा. मुलगी म्हणत होती, ‘आबा, ही कादंबरी आहे, त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लिहिलंय.’

‘मग चुकीचं कशाला लिवलं?’

‘चुकीचं नाही हो आबा.’

‘वाच बरं परत. घोडं येतंय तिथनं.’

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी एक ट्यूब चालू ठेवायला सांगितली आणि घरी गेलो.